प्रार्थनेला बसले की ईएमआयच आठवतो

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. सकाळी पाच वाजता उठून प्रार्थनेला बसते पण डोळे मिटले की घराचा हप्ता, सासूबाईंचं डायपर, मुलाची फी हेच सुरू होतं, दहा मिनिटांनी उठते तेव्हा बसले त्यापेक्षा जास्त टेन्शन आलेलं असतं. आमच्या कॉटेज प्रेयरमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, सगळ्या जणी साक्ष देतात की प्रभूने मनात आनंद भरला, शांती दिली. मला का नाही मिळत? माझा विश्वास कमी पडतोय का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जय ख्रिस्त. अहो विश्वास कमी असता तर पाचला उठला असतात का, मला तर सहालाही उठवत नाही! आणि साक्षींचं म्हणाल तर माणूस साक्ष द्यायला उभा राहतो तो सगळं निभावल्यावर, मधले रडायचे सहा महिने तीन मिनिटांत कुठे बसणार, त्यामुळे ऐकणारीला वाटतं हिला लगेच मिळालं.

आता मन भटकण्याबद्दल. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या न्हाव्याने, पीटर त्याचं नाव, त्याला विचारलं होतं की प्रार्थना कशी करायची, आणि ल्यूथरने १५३५ साली त्याच्यासाठी चक्क एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर असतं, गप्पांच्या नादात राहिला तर गिऱ्हाईकाचं नाक कापेल, तसंच प्रार्थनेचं. म्हणून त्याने सांगितलं की प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, ती घे, एकेका वाक्यावर थांब, आणि एखाद्या वाक्याने मन धरलं तर बाकीची राहू दे.

तुम्ही हेच करून बघा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे थांबा. हप्ता, फी, डायपर, सगळं त्या भाकरीतच येतं की हो! तुम्ही त्याला अडथळा समजून ढकलताय म्हणून ते दुप्पट जोराने परत येतं. रकमेसकट सांगा, प्रभू, पाच तारखेला इतके हजार भरायचेत. देवासमोर हिशोब मांडायला लाज कसली.

आणि मन आनंदी नसेल तर आनंदी असल्यासारखं बोलू नका. बायबलमधलं स्तोत्र १३ काढा, सहाच वचनं आहेत, पहिल्या दोनमध्येच दावीद चार वेळा विचारतो की अजून किती काळ. शेवटी तो गातो हे खरं, पण स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्ये आहेच ना, कोणी काढून नाही टाकलं.

प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र, त्याचा अध्याय ४ तुम्हाला पाठ असेल, चिंता करू नका, आभार मानून देवाला मागा म्हणजे त्याची शांती तुमची मनं राखील. मला त्यातला ‘राखील’ आवडतो. आपण शेत राखतो ना तसा, मूळ ग्रीक शब्दही पहाऱ्याचाच आहे. पाखरं येतच राहणार पण राखणदार बसलाय. पौलाने हे कैदेत असताना लिहिलं, आणि हप्ता आपोआप फिटेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही बरं का (असं सांगणारे प्रचारक भेटतात, तो विषय पुन्हा कधीतरी).

पण आपण सातव्या वचनानंतर पुस्तक मिटतो आणि तिथेच चुकतो. दहाव्या वचनापासून पुढे वाचा. पौल सांगतो की मला फार आनंद झाला, का, तर फिलिप्पैच्या मंडळीला त्याची पुन्हा आठवण झाली आणि त्यांनी एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हातून मदत पाठवली. म्हणजे माणसांनी केलेली मदतही त्याच्या आनंदात होती.

तेव्हा कॉटेज प्रेयरमधल्या त्या आनंदी बहिणींना स्पष्ट सांगा की माझ्यासाठी प्रार्थना करा आणि शनिवारी दोन तास सासूबाईंजवळ कोणीतरी बसा, मला झोपायचंय. झोप बरेच दिवस लागतच नसेल तर डॉक्टरांनाही दाखवा, त्याने विश्वास कमी होत नाही. आणि पाचचा गजर तेवढा साडेपाचला करा.