संकेतस्थळ दिसते, पण वाचता येत नाही

प्रश्न : आमच्या जुन्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर कार्यक्रमपत्रिका, वार्षिक अहवाल आणि संग्रहातील गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांची, छायाचित्रे आहेत. आमच्या एका दृष्टिहीन सभासदांचा मोबाइल मात्र त्यातले काहीच धड वाचून दाखवत नाही. नवे संकेतस्थळ करून घेण्याइतका निधी नाही. सुरुवात कुठून करावी?
— कार्यवाह, सावंतवाडी

उत्तर : नव्या संकेतस्थळाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण दोष बहुधा मजकुराच्या स्वरूपात आहे. छापखान्यातून आलेली पत्रिका चित्र म्हणून जशीच्या तशी चढवली, तर टॉकबॅक किंवा एनव्हीडीए यांसारख्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीला, त्यात वाचण्याजोगे काहीच सापडत नाही. अहवालांचे दुखणे वेगळे असू शकते. युनिकोड (सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या छपाईच्या (डीटीपी) फॉन्टमध्ये देवनागरी आकारांमागे रोमन अक्षरांचे संकेत दडलेले असतात, त्यामुळे पीडीएफ डोळ्यांना सुबक दिसली तरी कानांवर निरर्थक अक्षरे पडतात. अहवालातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करून पाहा. ‘वाचनालय’ या शब्दाच्या जागी भलतीच चिन्हे उमटली, तर तो मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागेल, आणि ओळ निवडताच आली नाही, तर ते पानच चित्र आहे.

गंजिफांच्या बाबतीत मला विशेष आस्था वाटते, कारण सावंतवाडीची ही कला ज्यांना पाहता येत नाही त्यांच्यापर्यंत ती शब्दांनीच पोहोचणार आहे. छायाचित्राला ‘गंजिफा 3’ असे नाव देऊन भागणार नाही. ‘दशावतारी गंजिफा, गोल पान, कूर्माची पंजी, पाच कासवे’ असे, स्क्रीन रीडर चित्राऐवजी वाचून दाखवेल ते, पर्यायी वर्णन जोडावे आणि रंग व किनारही सांगावी. पूर्ण संचात 120 पाने असतात, म्हणजे काम मोठे आहे. पण पाने ओळखणारे जुने सभासद आणि टंकलेखन करणारा एखादा विद्यार्थी सोबत बसले, तर ते हळूहळू पार पडेल.

पानाची भाषा कोडमध्ये ‘मराठी’ नोंदवायला तंत्रज्ञाला सांगावे. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक (कॉन्ट्रास्ट) किमान 4.5:1 असावा, हे ज्येष्ठ वाचकांनाही उपयोगी पडते. दशावतारी नाटकाच्या चित्रफिती असतील, तर त्यांखाली संवाद मालवणीतच, जसे बोलले गेले तसे, लिहावेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्येही माहितीच्या सुगम्यतेची तरतूद आहे.

एवढे झाले, की त्याच सभासदांना वाचनालयात बोलवावे, त्यांच्याच मोबाइलवर पुढचा कार्यक्रम शोधायला सांगावे आणि ते जिथे अडतील ती जागा मध्ये न बोलता टिपून घ्यावी.