मुलांच्या ऐतिहासिक अद्भुत कादंबऱ्या आणि राण्यांची चरित्रं, चाळिशीनंतर हे दोनच वाचावंसं वाटतं. यांचं काही नातं आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय बेचाळीस, आणि गेली दोन वर्षं शेवटपर्यंत वाचून होतात ती दोनच प्रकारची पुस्तकं. एक, ज्यात एखादं मूल अचानक जुन्या काळात जाऊन पडतं. दुसरं, राण्यांची चरित्रं. घरचे म्हणतात, एक पोरकट आणि दुसरं राजेरजवाड्यांचं कौतुक. या दोन्हींत काही नातं आहे का आणि पुढे काय वाचू, असं तुम्ही विचारलंय.

नातं आहे, आणि फार जवळचं आहे. मी इंदूरची. बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. माझ्या कपाटात हे दोन प्रकार एकाच फळीवर आहेत, आणि ते तसे का आले ते सांगते.

सुरुवात एका इंग्रजी पुस्तकापासून झाली. ॲलिसन अटली यांचं ‘अ ट्रॅव्हलर इन टाइम’, १९३९ सालचं. पेनलपी नावाची मुलगी डर्बीशरमधल्या मावशीआजीच्या शेतावरच्या घरी राहायला जाते. तिथलं एक दार उघडते तर पलीकडे सोळावं शतक चालू असतं. घर तेच, पण त्यात बॅबिंग्टन कुटुंब नांदतंय. घरचा तरुण मालक अँथनी स्कॉटलंडच्या राणी मेरीला कैदेतून सोडवायच्या खटपटीत आहे. पेनलपी आपल्या काळात हा इतिहास शिकलेली. १५८६ मध्ये अँथनीला देहदंड झाला आणि १५८७ च्या फेब्रुवारीत मेरीचा शिरच्छेद झाला, हे आपल्यालाही ठाऊक असतं. आणि ठाऊक असून उपयोग शून्य. पोरगी त्यांच्या स्वयंपाकघरात वावरते, त्यांच्यावर जीव लावते, आणि होणारं टाळू शकत नाही.

ते मिटलं आणि मी मेरीचं चरित्र शोधलं. सहा दिवसांची असताना ती राणी झाली. पाच वर्षांची असताना बोटीत बसवून फ्रान्सला पाठवली. चरित्र वाचताना लक्षात आलं की आता पेनलपी मीच आहे. दार उघडून आत आलेय, पुढचं सगळं माहीत आहे, आणि कुणाला बजावता येत नाही.

मग आपल्या घरच्या बाईंकडे वळले. अहिल्याबाई आम्हा इंदूरकरांना लहानपणापासून फोटोतून माहीत. पांढरं लुगडं, हातात शिवलिंग. चरित्र वाचायला घेतलं तेव्हा त्या पहिल्या पानावर चौंडीतल्या लहान मुलगी होत्या, आणि मला मात्र पुढची सगळी सालं तोंडपाठ. १७५४ ला कुंभेरच्या वेढ्यात नवरा. १७६६ ला सासरे मल्हारराव. १७६७ ला एकुलता मुलगा. १७९१ ला जावई गेला आणि लेक मुक्ताबाई सती गेली. तुम्ही त्या मुलीला मांडवात उभी पाहता आणि पान उलटावंच लागतं. मुलांच्या अद्भुत गोष्टीत काळजाला जे होतं, तेच इथे होतं. तुम्हाला ही दोन्ही पुस्तकं ओढतात ती यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट. राण्यांची चरित्रं बहुतेक वेळा लहान मुलांच्याच गोष्टी असतात. ग्वाल्हेरला १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे वारले तेव्हा त्यांची विधवा ताराबाई साधारण तेरा वर्षांची होती आणि तिने दत्तक घेतलेला मुलगा आठ-नऊचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहारला इंग्रजांशी लढाई झाली. इतिहासाच्या पुस्तकात तोफा आणि करार सापडतात. वाड्यात तेरा वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या मुलाची आई होऊन बसली आहे, हे डोळ्यांपुढे आणायला मुलांच्या कादंबरीचाच सराव लागतो.

आता तुमच्या घरच्यांचा ‘पोरकट’ हा शब्द. अद्भुत आणि इतिहास यांची शिवण किती बारीक असते ते मला मालकमच्या पुस्तकात दिसलं. महिदपूरला होळकर इंग्रजांशी हरले, त्यानंतर कंपनी सरकारचा अधिकारी जॉन मालकम माळव्याच्या कारभारावर होता. अहिल्याबाईंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून ऐकलेलं त्याने १८२३ मध्ये छापलं. त्यात अहिल्याबाईंच्या मुलाच्या, मालेरावांच्या मृत्यूची हकिकत आहे. मालेरावांनी कशिदा काढणाऱ्या एका कारागिराला संशयावरून मारलं. मागाहून तो निर्दोष ठरला. मालेरावांना वेडाचे झटके येऊ लागले, आणि लोक म्हणू लागले की त्या कारागिराने अंगात ठाण मांडलंय. अहिल्याबाई दिवसरात्र मुलाच्या उशाशी बसून त्या पिशाच्चाशी बोलत. तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जमीन तोडून देते, माझ्या मुलाला सोड. उत्तर मुलाच्याच तोंडून यायचं. त्याने मला निरपराध मारलं, मी त्याचा जीव घेणार.

हे मी रात्री वाचलं आणि दिवा बराच वेळ मालवला नाही. भुताचं भय वाटलं नाही. ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षं राज्य चालवणार होती, आणि या क्षणी आपल्याच मुलाच्या तोंडून येणाऱ्या परक्या आवाजाशी घासाघीस करत होती. मालकम ही लोककथा म्हणूनच सांगतो. आईनेच मुलाला मारलं अशीही तेव्हा आवई होती. त्या आवईची त्याने चौकशी केली आणि ती खोडून काढली. तुम्हीही राण्यांचं चरित्र उचलाल तेव्हा एवढं बघा. ऐकीव कुठलं, कागदातलं कुठलं, हे लेखक सांगतो का? मुलांची अद्भुत कादंबरी या बाबतीत फार प्रामाणिक. दार उघडतानाच ती सांगते की इथून पुढे कल्पना आहे. पानापानावर राणीच्या मनातले विचार अवतरणात देऊन वर ‘चरित्र’ छापणारी पुस्तकं मी बाजूला ठेवते. त्यांनाच कादंबरी म्हटलं असतं तर आनंदाने वाचली असती.

राजेरजवाड्यांचं कौतुक म्हणाल तर चांगलं चरित्र हिशेबात शिरतं, आणि माझा जन्म लेजर सांभाळण्यात गेला, म्हणून मला ते विशेष आवडतं. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या विनंतीवरून पेशव्यांनी त्यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीचा मुलूख वेगळा काढून दिला. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. सासूची ही खासगी सुनेकडे आली, आणि काशी, गया, सोमनाथ इथल्या कामांमागे ती उभी आहे. अहिल्याबाईंचा दिवसही मालकमने नोंदवलाय. पहाटेपूर्वी उठणं, पूजा, दानधर्म, जेवण, थोडी विश्रांती, दुपारी २ पासून सूर्यास्तापर्यंत दरबार, पुन्हा पूजा, आणि रात्री ९ ते ११ परत कामकाज. हे वाचून मला कौतुक सुचलं नाही, रात्रीच्या त्या दोन तासांत त्यांचे डोळे किती दुखत असतील हे सुचलं.

चरित्रं दोन्ही बाजूंची वाचा. आमच्या इंदुरात सर्जेराव घाटगे म्हणजे १८०१ मध्ये शहर लुटून राजवाडा जाळणारा माणूस. ग्वाल्हेरच्या बायजाबाईंचं वाचायला घेतलं तर तोच माणूस तिचा बाप. चौदा वर्षांची असताना दौलतराव शिंद्यांना दिलेली ही मुलगी पुढे राज्याची कारभारीण झाली, आणि १८३३ मध्ये तिला ग्वाल्हेर सोडावं लागलं. परागंदा असताना फतेहगडच्या छावणीत फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिला भेटायची. एका बाजूला पाय सोडून घोड्यावर बसायची इंग्रजी रीत तिथल्या मराठी बायकांना वाकडीतिकडी वाटली. मग पार्क्स स्वतः मराठी पद्धतीने बसून पाहते, आणि बायकांची बसण्याची रीत बदलली म्हणून चक्क राणी एलिझाबेथला बोल लावते. अशा एका प्रसंगासाठी मी अख्खं पुस्तक वाचायला तयार असते.

पुढे काय वाचू म्हणालात, तर विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ घ्या. चरित्र नाही, कादंबरीही नाही. बायजाबाई मोठा यज्ञ करणार आहेत हे ऐकून दक्षिणा मिळेल या आशेने वरसईहून निघालेला भटजी १८५७ च्या वणव्यात सापडतो. कोकणातून निघून अनोळखी जगात जाऊन पडलेल्या मुलासारखंच त्याचं होतं. काल्पीच्या वाटेवर पहाटे एका विहिरीपाशी त्याला राणी लक्ष्मीबाई भेटते, धुळीने भरलेली, तहानलेली. तो पाणी शेंदायला पुढे होतो तर ती त्याला थांबवते, दोरी घेऊन स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. ग्वाल्हेरला ती पडली ते लगेच, १८५८ च्या जूनमध्ये. तुम्हाला ते ठाऊक आहे, विहिरीपाशी उभ्या भटजीला नाही.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या मुलीला घेऊन महेश्वरला गेले होते. अकरा वर्षांची आहे, मलाही ती मावशीआजीच म्हणते. तिथल्या अहिल्याबाईंच्या वाड्यातली ती पांढऱ्या बैठकीची गादी पाहून म्हणाली, “एवढीशीच?” मग घाटावर बसून तिला सांगितलं की एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, मी एवढ्या स्तुतीला पात्र नाही म्हणाल्या, आणि तो नर्मदेत टाकायला लावला. ती लगेच पायऱ्या उतरून गेली आणि पाण्यात वाकून बघू लागली. “कुठे टाकला? इथेच?” म्हटलं, जागा कुणी लिहून ठेवली नाही.

परतताना मानपूर येईपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. मग वही मागितली. आता तिची गोष्ट चौथ्या प्रकरणाला आली आहे. महेश्वरच्या घाटावर एका मुलीला पाण्याखाली पोथी सापडते, शाई सुटलेली नसते, आणि पान उघडलं की वर घाटावर दरबार भरलेला असतो. कालच फोन आला होता. विचारत होती, दुपारी २ वाजता भरायचा ना गं दरबार?