आधी निदान, मग ध्येय

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तीन महिन्यांच्या ‘चिंतामुक्ती’ कोचिंगचे पैसे भरावेत की मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, असे तू विचारतेस. पण त्याच पत्रात तू हेही लिहून गेली आहेस की लिफ्टमध्ये शिरताच छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो, म्हणून ऑफिसचे आठ मजले तू रोज जिन्याने चढतेस आणि पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. मग आधी निदान व्हायला हवे.

लाइफ कोच ध्येयापासून सुरुवात करतो. नोकरी बदलायची आहे, चार माणसांत बोलायचे आहे, दिवसाची घडी बसवायची आहे आणि झोप, भूक, कामकाज शाबूत आहे, अशा माणसाला ती सोबत खरोखर उपयोगी पडते. मी तिला कमी लेखत नाही. थेरपिस्ट मात्र त्रासापासून सुरुवात करतो. तो केव्हापासून आहे, काय काय टाळून दिवस निभावतो आहे, घरात आणखी कोणाला असे होते का, जीव नकोसा होतो का, हे तो विचारतो. थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी हात थरथरतात आणि छाती धडधडते. ही शंका डॉक्टरला येते आणि तो रक्ततपासणी लिहून देतो. भीती लिफ्टचीच निघाली, तर सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणे बदलायला शिकवणाऱ्या उपचारात, आधी दार उघड्या लिफ्टमध्ये नुसते उभे राहायला, मग एकच मजला जायला आणि धडधड ओसरेपर्यंत तिथून न पळायला शिकवतात. ‘हिंमत धर’ असे कोणीही सांगेल; हा क्रम ठरवायला प्रशिक्षण लागते.

निदान म्हणजे नुसते लेबल, असे ते कोच तुला म्हणाले. हे वाक्य मला सहन होत नाही. आमच्या नात्यातला एक हुशार मुलगा अशाच बोलण्यावर विसंबून शिबिरामागून शिबिरे करत राहिला आणि डॉक्टरपर्यंत पोचला तेव्हा त्याची नोकरी गेलेली होती. ती हळहळ अजून जात नाही. लोक मला हेकट म्हणतात, म्हणोत. आधी निदान, हा हेका मी सोडणार नाही.

आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मनाच्या त्रासावर औषधांशिवाय उपचार करणाऱ्या तज्ज्ञांची, नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि मानसोपचारतज्ज्ञांची वैद्यकीय परिषदेकडे. कोच म्हणवून घ्यायला असा कोणताही सरकारी परवाना लागत नाही. त्यांची प्रमाणपत्रे खासगी संस्था देतात. म्हणून समोरच्याला नोंदणी क्रमांक विचार, आणि विचारताना संकोचू नकोस. पैशांची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातली मानसोपचार विभागाची ओपीडी गाठ. रात्री अगदी असह्य झाले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

कोचिंगचा पहिला हप्ता शनिवारपर्यंत भरायचा आहे म्हणतेस, तो तूर्त भरू नकोस. नीट तपासून डॉक्टरांनीच ‘आजार नाही’ असे सांगितले, तर त्याच कोचकडे खुशाल जा. मी अडवणार नाही.