बरं वाटलं की सगळं उरकायचं, मग तीन दिवस आडवं

प्रश्न: दोन वर्षांपासून कंबर दुखतेय, डॉक्टर म्हणाले ऑपरेशनसारखं काही नाही. बरं वाटलं त्या दिवशी मी बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) सगळं काम एका दमात उरकते, मग दोन-तीन दिवस उठवत नाही. घरचे म्हणतात नाटक करते. काय करू? (एक वाचक, यावल)

उत्तर: ताई, हे नाटक अजिबात नाही, घरच्यांना हे उत्तर वाचायला द्याच. दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं की ते क्रॉनिक पेन, म्हणजे जुनाट दुखणं, त्यात बऱ्याचदा नसा-मेंदू जास्तच संवेदनशील होतात, म्हणून रिपोर्टमध्ये काही नसलं तरी दुखणं खरंच असतं.

आता मुख्य गोष्ट, दुखायला लागायची वाट बघायची नाही, त्याच्या आधीच घड्याळ बघून थांबायचं. समजा बिबडे थापताना वीस मिनिटांनी कंबर धरते तर बारा-पंधरा मिनिटांनीच उठा, जरा चाला, मग परत बसा, आणि बरं वाटतंय म्हणून त्या दिवशी जास्त करू नका, हेच सगळ्यात अवघड जातं बघा. दुखरा दिवस असेल तरी पूर्ण झोपून राहू नका, थोडं तरी हला. आठवडाभर जमलं की दोन-तीन मिनिटं वाढवा. वाकून थापण्यापेक्षा कापड टेबलावर घ्या, पीठ ढवळायचं काम घरातल्या पोरांना सांगा, त्यात लाज कसली!

फक्त लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधे बधिर वाटलं किंवा पायातली ताकद कमी झाली तर वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.