वॅल्हाइम या कॉम्प्युटर गेममध्ये फक्त धनुष्यबाणावर खेळायचं असेल तर कोणतं धनुष्य आणि कोणते बाण घ्यावेत?

तुमची अडचण थोडक्यात अशी: तिरंदाज म्हणूनच खेळायचं ठरवलंय, एल्डर या जंगलातल्या बॉसला, म्हणजे तिथल्या मुख्य शत्रूला, मारून दलदलीत उतरलाय, हातात फाइनवूड धनुष्य आहे, पेटीत ब्रॉन्झचे शंभर बाण आहेत. तरी सांगाडे मरत नाहीत, क्रिप्टमध्ये, म्हणजे दलदलीतल्या तळघरांत, दम संपतो आणि दर वेळी जीव जातो. आता मिळालेलं लोखंड कशावर खर्च करावं, की तिरंदाजीच सोडून द्यावी?

सोडू नका. 2021 च्या फेब्रुवारीत हा गेम अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला तेव्हापासून मी तो माझ्या दोन मावसभावांबरोबर खेळतोय, आणि तिघांत धनुष्य पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. ज्या जागी तुम्ही अडकलात तिथे मीही बरेच दिवस अडकलो होतो. तुमचा नेम चुकत नसणार, बाणाची निवड चुकतेय. आपण सगळे जास्त आकडा बघून बाण बनवतो. बाण बनवायचा तो समोर कोण उभं आहे ते बघून.

आधी हिशोब समजून घ्या. धनुष्याचा मार आणि बाणाचा मार यांची बेरीज होते. सुरुवातीचं क्रूड धनुष्य 22 चं, लाकडी बाणही 22 चा, म्हणजे पूर्ण ताणून सोडला तर 44. (कौशल्य कमी असताना हा आकडा पुरता मिळत नाही, पण तुलनेला चालतो.) फाइनवूड धनुष्य 32 चं. त्यावर 27 चा फ्लिंटचा बाण लावला तर 59, आणि 32 चा ब्रॉन्झचा लावला तर 64. म्हणजे ब्रॉन्झचा जो बाण तुम्ही जपून वापरताय, त्याने फ्लिंटपेक्षा फक्त 5 जास्त मिळतात, आणि त्यासाठी दर वीस बाणांमागे एक ब्रॉन्झ जातं. तेच धनुष्य वर्कबेंचवर चौथ्या पायरीपर्यंत नेलं तर दर पायरीला 3 असे 9 वाढतात, आणि ते कायमचे. धनुष्य एकदा सुधारलं की झालं, बाण रोज लागतात, आणि जमिनीत रुतलेला बाण या गेममध्ये परत उचलता येत नाही. म्हणून ब्लॅक फॉरेस्ट, म्हणजे दलदलीच्या आधीचं जंगल, संपेपर्यंत मी फ्लिंटवरच राहायला सांगेन. ब्रॉन्झ गदेसाठी ठेवा. गदा कशाला, ते पुढे येतंच.

आता सांगाड्यांचं. बाणाचा मार टोचणारा असतो, आणि सांगाड्यावर टोचणारा मार निम्मा होतो. तुमचे 64 तिथे 32 होतात. ठोकणारा मार मात्र त्याला दीडपट लागतो. तुम्ही बाणांमागून बाण घालवता त्या सांगाड्याला साधी ब्रॉन्झची गदा एक-दोन घावांत झोपवते. ब्लॉब या चिकट गोळ्याचंही तेच, दलदलीचा बॉस बोनमास याचंही तेच. बोनमाससमोर नुसतं धनुष्य घेऊन उभं राहणं म्हणजे भाता रिकामा करणं. तिरंदाजाच्या कमरेला गदा असण्यात काहीही कमीपणा नाही. उलट गदा आहे म्हणून धनुष्य योग्य जागी वापरता येतं.

उलट उदाहरण ट्रोलचं. अंगाने अवाढव्य, 600 चा जीव, पण त्याच्यावर गदा निम्मी आणि बाण दीडपट चालतो. माझा पहिला ट्रोल अजून डोळ्यांसमोर आहे. दोन पाइनच्या मधल्या खडकामागे मी दबकून बसलो होतो, आणि तो पाठमोरा, झाडाचा ओंडका खांद्यावर टाकून ओढ्याकडे निघाला होता. दबकलेलं असताना पडद्यावर जो डोळा दिसतो तो मिटलेला होता. ताणताना नेमाचं वर्तुळ आकसत आकसत ठिपक्याएवढं झालं आणि मग सोडला. बेसावध असताना लागलेल्या बाणाचा मार तिप्पट होतो. तो वळेपर्यंत त्याच्या डोक्यावरची लाल पट्टी बरीच खाली आली होती. त्या एका बाणाने मला तिरंदाजी कळली: पहिला बाण हाच खरा बाण, बाकीचे निस्तरायला. त्यामुळे पहिला बाण कधीही घाईत, अर्धवट ताणून सोडू नका. अर्ध्या ताणात मारही अर्धाच पडतो.

मित्रांबरोबर खेळत असाल तर आणखी एक. या गेममध्ये जो खेळाडू एखाद्या भागात आधी पोचतो, बहुतेक वेळा त्याच्याच कॉम्प्युटरवर तिथली जनावरं चालतात. माझा एक भाऊ मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून खेळायचा आणि सगळ्यात पुढे पळायचा. माझा बाण ट्रोलच्या छातीत दिसायचा, पण मार सेकंदभराने लागायचा. ज्याचं इंटरनेट चांगलं त्याला पुढे जाऊ द्या, नेम आपोआप सुधारेल.

अग्निबाणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वापरत असणार. त्यांचा टोचणारा मार फक्त 11 आणि आगीचा 22. ग्रेडवार्फ नावाचे जंगलातले बुटके आणि एल्डर दोघंही आगीला कच्चे, म्हणून ब्लॅक फॉरेस्टमध्ये हे बाण सोन्यासारखे, आणि खर्च आठ लाकडं, आठ राळ, दोन पिसं एवढाच. पण दलदलीत सारखा पाऊस असतो, आणि ओल्या अंगाला आग कमी लागते. हा नियम आपल्याला लागू तसाच शत्रूलाही. जंगलात गाजलेला बाण दलदलीत फुसका का निघतो याचं कारण हेच.

मग लोखंड. हंट्समन धनुष्याला 20 लोखंड लागतं आणि लोखंडी गदेलाही 20. माझ्याकडे पहिलं 20 जमलं तेव्हा मी धनुष्य बनवलं आणि पुढचे तीन क्रिप्ट त्याची किंमत मोजली. आत बोळ अरुंद, वळणावर ड्रॉगर, म्हणजे चालतं प्रेत, अंगावरच येतो, दोरी ताणायला जागा मिळत नाही आणि ताणून धरलं की दम जळत राहतो. तिथे 42 चं धनुष्य 32 च्या धनुष्याइतकंच निरुपयोगी. ब्रॉन्झची गदा नीट सुधारलेली असेल तर पहिलं लोखंड धनुष्याला द्या. नसेल तर गदा आधी, धनुष्य नंतर. बोनमाससाठी ती लागणारच आहे. हंट्समन मात्र बनवाच, कारण त्याचा आवाज कमी होतो, आणि दबकून मारणाऱ्याला तेच हवं असतं.

चिलखताला लोखंड घालू नका, हे मी ठामपणे सांगेन. दलदलीत झाडाच्या बुंध्यासारखं पडून राहणारं आणि जवळ गेलं की उठणारं ॲबोमिनेशन भेटलं असेल. त्याच्या मुळांपासून रूट चिलखत बनतं. मुखवटा, छाती, पाय असा पूर्ण संच घातला की धनुष्याचं कौशल्य 15 ने वाढतं, मुखवट्याने विष कमी लागतं आणि छातीच्या भागाने शत्रूचा टोचणारा मार निम्मा होतो. याचा खरा उपयोग पुढे प्लेन्समध्ये, म्हणजे माळरानात, कळतो, जिथे डेथस्क्विटो हा मोठा डास एका डंखात लोळवतो. दोष एकच: अंगात हे असताना आग जास्त लागते. आग टाकणारं कोणी समोर असेल तेव्हा छातीचा भाग बदला.

डोंगरात गेलात की ऑब्सिडियन मिळेल आणि बाणांची खरी निवड तिथे सुरू होते. हंट्समनवर 52 चा ऑब्सिडियन बाण लावला तर 94. फ्रॉस्ट बाणाचा टोचणारा मार 26 च दिसतो म्हणून लोक तो बाजूला टाकतात, पण त्यात गारठ्याचा 52 वेगळा असतो: 42, 26 आणि 52 मिळून 120. वर शत्रूची चाल मंदावते, आणि तिरंदाजाला अंतर राखण्यापेक्षा मोठं काय हवं? वीस बाणांमागे एक फ्रीझ ग्लँड (गारठ्याची ग्रंथी) लागते, ती ड्रेक या डोंगरातल्या उडत्या शत्रूकडून मिळते. फक्त ड्रेक आणि डोंगराचा बॉस मोडर यांच्यावर गारठा अजिबात चालत नाही, तिथे ऑब्सिडियनच न्या. विषबाण मी कमी वापरतो. एकाच शत्रूला दहा विषबाण मारले तरी विष साठत जात नाही. एक मारून लांब राहायचं असेल, ट्रोलसारखं मोठं धूड असेल, तेव्हा ठीक. चांदीचे बाण रेथ या भुतासाठी थोडे असू द्यात, बाकी चांदी ड्रॉगर फँग या पुढच्या धनुष्याला ठेवा. त्या धनुष्याला 20 लागते.

प्लेन्समध्ये नीडल बाण 62 चा, चार सुयांत आणि दोन पिसांत वीस, लाकूड लागतच नाही. डेथस्क्विटोचा जीव मात्र जेमतेम 10, त्याच्यावर लाकडी बाणही पुरतो. तो बाजूने उडत असताना मारू नका, सरळ अंगावर येतो त्या क्षणी सोडा.

पिसांची काळजी आत्तापासून घ्या. लाकडी बाणाला पिसं लागत नाहीत, म्हणून कावळे, सीगल आणि हरणं कायम लाकडी बाणानेच. मी भात्यात नेहमी दोन जाती ठेवतो: एक लाकडी, दुसरी त्या दिवशीच्या शत्रूची.

तुम्ही दर वेळी मरताय हे तिरंदाजाला जास्त महागात पडतं, कारण प्रत्येक मरणाला कौशल्य 5 टक्के उतरतं, आणि धनुष्य ताणण्याचा वेग त्या कौशल्यावरच अवलंबून असतो. घरून निघताना शेकोटीजवळ बसून रेस्टेड (विश्रांती घेतलेले) होऊनच निघा. त्याने दम दुप्पट वेगाने भरतो आणि कौशल्यही दीडपट वेगाने वाढतं. एका वेळी चालणाऱ्या तीन जेवणांत दोन दम वाढवणारी ठेवा, गाजराचं सूप उत्तम. क्रिप्टमध्ये जाताना उलट, दोन जीव वाढवणारी आणि एक दमाचं.

आणि दलदलीत आहात तोवर झाडांवर लटकणाऱ्या हिरव्या, चमकणाऱ्या पिशव्यांकडे लक्ष द्या. त्यातून गक मिळतो. ड्रॉगर फँगला दहा लागतात, आणि डोंगरात चांदी सापडल्यावर त्यासाठी परत या चिखलात यायचा कंटाळा येतो. पिशव्या उंचावर असतील तर खाली वर्कबेंच टाका, लाकडी जिना उभारा आणि आत्ताच दहा जमवून पेटीत ठेवून द्या.