आयर्लंडला पीएचडीला येऊ का, असं विचारलंस म्हणून

तुझा मेसेज दोनदा वाचला. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सचं दुसरं वर्ष, झिंक ऑक्साइडच्या गॅस सेन्सरवर प्रोजेक्ट, हुपरीत वडिलांचं चांदीकाम आणि तीन प्रश्न. पीएचडी कोल्हापुरात करू की डब्लिनला येऊ, पैशाचं कसं जमतं, आणि संशोधन करता करता शाळांमधून विज्ञान सांगायची आवड जपता येते का. तिसरा प्रश्न तू ‘सहज विचारते, ताई’ म्हणून शेवटी टाकलायस. मला मात्र त्याच्यावरच जास्त लिहायचंय.

आधी पहिला. देश निवडू नकोस, गाईड आणि लॅब निवड. आपल्याकडं सिलार, केमिकल बाथ, स्प्रे पायरोलिसिस या द्रावणातून काचेवर पातळ थर, म्हणजे फिल्म, चढवायच्या पद्धतींवर हात पक्का बसतो. बीकर, वॉटर बाथ आणि काचेची पट्टी एवढ्या सामानावर एकसारखी फिल्म काढणं सोपं नसतं. आपले कितीतरी सीनियर याच हातगुणावर कोरियाला पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला गेले. तेव्हा ‘बाहेर’ म्हणजे वरचं आणि ‘इथलं’ म्हणजे खालचं, हा हिशेब डोक्यातून काढ. नेट-जेआरएफ ही सरकारी संशोधन शिष्यवृत्ती निघाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, तेही कोल्हापुरात, ही चांगली सोय आहे. बाहेर यायचं ते तिथं नसलेल्या एखाद्या नेमक्या गोष्टीसाठी.

माझ्यासाठी ती गोष्ट होती द्रवात थर सुटे करणं. पेन्सिलीच्या शिशातलं ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या एक-अणू जाडीच्या थरांची चळत. १ मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख थर बसतात. २००४ मध्ये मँचेस्टरला गाईम आणि नोव्होसेलोव यांनी चिकटपट्टीनं त्यातला एक थर, म्हणजे ग्राफीन, सोलून काढला आणि २०१० चं नोबेल मिळवलं. पण चिकटपट्टीनं किती काढणार? २००८ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या कोलमन यांच्या गटानं योग्य द्रावकात ग्राफाइट टाकून, त्यावर अल्ट्रासाउंड सोडून ग्राफीनचे थर मोठ्या प्रमाणात सुटे करून दाखवले. पुढं २०१४ मध्ये हेच काम भांडी घासायचं लिक्विड घालून स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारख्या यंत्रात होतं, हेही दाखवलं. केमिकल बाथ शिकलेल्या पोरीला हे वाचून काय वाटलं असेल ते तुला कळेल. साध्या भांड्यात होणारं, पण त्यामागचं भौतिकशास्त्र खोल. म्हणून मी आले. तुझं असं कारण तुला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर अजून सहा महिने पेपर वाच.

पैसे. आयर्लंड सरकारची पीएचडी शिष्यवृत्ती २०२५ पासून वर्षाला २५,००० युरो, म्हणजे महिना दोन हजारांच्या थोडी वर. तिचे अर्ज साधारण ऑक्टोबरपर्यंत जातात, आणि त्याआधी इथल्या गाईडनं तुला स्वीकारलेलं लागतं. म्हणजे ईमेल उन्हाळ्यातच सुरू कर. डब्लिनमध्ये साध्या खोलीला आठशे-हजार युरो सहज जातात, आणि खोली मिळणं हाच इथला सगळ्यात मोठा त्रास आहे. पहिल्या वर्षी मी तीन खोल्या बदलल्या. एका घरमालकानं अनामत परत दिली नाही, तेव्हा रडले होते. व्हिडिओ कॉलवर खोली बघून पैसे पाठवू नकोस, पहिला महिना कुणा ओळखीच्याकडं काढ. शिष्यवृत्तीत एकटीचं भागतं. घरी पाठवायला फार उरत नाही, हे वडिलांना आधीच स्पष्ट सांग.

पीएचडीला चार वर्षं धर. त्यानंतर काम शोधायला दोन वर्षांपर्यंत राहता येतं. संशोधकांसाठी संस्थेबरोबरचं ‘होस्टिंग अ‍ॅग्रीमेंट’ असतं, त्यावर वेगळा वर्क परमिट लागत नाही. पण पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांचे करार, आणि कायमच्या जागा थोड्या. मी स्वतः दुसऱ्या करारावर आहे. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, त्याची सवय व्हायला मला दोन हिवाळे लागले.

आता तुझा ‘सहज’ प्रश्न.

पहिल्याच वर्षी नोव्हेंबरातल्या विज्ञान सप्ताहात मला एका शाळेत पाठवलं. मी वीस मिनिटं आलेख दाखवले. शेवटी एका मुलीनं विचारलं, “हे तुला दिसतं का?” मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या खेपेला दोन ग्लास आणि एक लेझर पॉइंटर घेऊन गेले. एका ग्लासात मिठाचं पाणी, दुसऱ्यात पाणी आणि दुधाचा एक थेंब. मिठाच्या पाण्यातून किरण जाताना दिसत नाही, दुधाच्या पाण्यात त्याची रेघ उमटते. कण दिसत नाहीत, पण त्यांनी विखुरलेला प्रकाश दिसतो. याला टिंडाल परिणाम म्हणतात, आणि लॅबमध्ये कोलॉइड, म्हणजे न विरघळता द्रवात पसरलेले बारीक कण, तयार झालं का हे आम्ही आजही पटकन असंच बघतो. जॉन टिंडाल आयर्लंडच्या कार्लो परगण्यातला, १८२० चा जन्म. लंडनला जाऊन मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला आणि सामान्य लोकांसमोरच्या व्याख्यानांसाठीही तेवढाच गाजला. परदेशात गेलेल्या या माणसाची मला फार जवळीक वाटते.

नंतर डिसेंबरच्या सुट्टीत कागल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत हाच प्रयोग केला, आणि मराठीत अडखळले. ‘सरफेस एरिया’ला पृष्ठफळ म्हटलं, तर मुलं गप्प. मग गुळाची ढेप आठवली. अख्खी ढेप पाण्यात टाकली तर किती वेळ विरघळते, आणि तीच फोडून बारीक केली तर? लगेच कळलं. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले, तर तेच ६०० चौरस मीटर होतं. मागं बसलेला एक मुलगा म्हणाला, “म्हणजे सहा गुंठं की!” बरोबर, जवळपास सहा गुंठे, एका बोटाच्या पेरात मावणाऱ्या तुकड्यात. त्या वाक्यानंतर माझं स्वतःचं काम मला जास्त नीट कळलं. तुझा सेन्सर याच सहा गुंठ्यांवर चालतो. वायू पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि रोध बदलतो.

म्हणून मी सांगते, हे संशोधनाच्या बाजूला करायचं काम नाही. मुलाखतीत मला शेवटी विचारलेला प्रश्न होता, ‘हे तुमच्या आईला कसं सांगाल?’ आणि मराठीत सांगायला लाजू नकोस. जयंत नारळीकर १९३८ मध्ये कोल्हापुरातच जन्मले, केंब्रिजला जाऊन आले, पुण्यात १९८८ मध्ये आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या उभारणीत पुढं राहिले, आणि आयुष्यभर मराठीत लिहीत-बोलत राहिले.

तुझ्याकडं तर घरातच विषय आहे. चांदीचे १०-२० नॅनोमीटरचे कण पाण्यात असतील तर पाणी पिवळं दिसतं, चंदेरी नाही. का, हे वडिलांना त्यांच्या कामाच्या पाटाशी बसून सांगून बघ. ते कुठं थांबवतात, काय विचारतात, ते लिहून ठेव. मग झिंक ऑक्साइडवर एक पान मराठीत आणि एक इंग्रजीत लिहून मला पाठव. इंग्रजीतलं पान तुझ्या पहिल्या ईमेलला लागेल. मराठीतलं मी आधी वाचेन.