काकांच्या गिटारीचे पिकअप: भरून घ्यावेत की बदलावेत?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे काका जहाजावर नोकरीला होते. त्यांनी परदेशात घेतलेली 1974 सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार आता पुतण्याकडे आली आहे. नवरात्रात एका गरबा ऑर्केस्ट्रात ते नऊ रात्री ती वाजवतात आणि रात्रीचे 3,500 रुपये मिळवतात. गिटारीत तीन पिकअप असतात, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे, बारीक तारेचे वेढे गुंडाळलेले चुंबक. गेल्या पावसाळ्यात ब्रिज पिकअप (तारांच्या खालच्या टोकाजवळचा) पूर्ण बंद पडला, नेक पिकअपचा (मानेजवळचा) आवाज क्षीण झाला आणि मधला तेवढा ठीक आहे. मुंबईचा एक कारागीर बंद पिकअप 4,500 रुपयांत आणि तिन्ही 12,000 रुपयांत नव्याने भरून, म्हणजे वेढ्यांची तार नव्याने गुंडाळून, देतो. आयात केलेला नवा संच 26,000 रुपयांना पडतो. अमेरिकेतून त्याच काळातील वापरलेला मूळ संच मागवल्यास कस्टम ड्युटी धरून 75,000 रुपये होतात. वाचकांचा कल या शेवटच्या पर्यायाकडे आहे, आणि त्यासाठी मुदत ठेव मोडावी की क्रेडिट कार्डावर हप्ते करावेत, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

आपण मला पैसे कोठून आणावेत हे विचारले आहे. परंतु 75,000 रुपये खर्चावेत की नाही, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे आणि माझे उत्तर नकारार्थी आहे. त्याची कारणे आपण दिलेल्या आकड्यांतच आहेत.

हाती येणाऱ्या 58,000 रुपयांतून घरखर्चाचे 36,000 आणि गृहकर्जाच्या हप्त्याचे 14,000 वजा केले की महिन्याकाठी 8,000 रुपये उरतात. मुदत ठेव 1,20,000 रुपयांची आहे आणि दुसरी शिल्लक आपण कळवलेली नाही, म्हणजे नोकरीत खंड पडल्यास आपले घर अडीच महिन्यांहून थोडे कमीच चालेल. ठेव मोडून 75,000 रुपये काढले तर उरलेले 45,000 रुपये एका महिन्यालाही पुरणार नाहीत. शिवाय मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बँक प्रत्यक्ष ठेवलेल्या काळाचाच दर देते आणि बहुतेक वेळा त्यातूनही थोडा दंड कापते. कार्डावरील हप्त्यांचा दर 16 टक्के धरला, तर 12 महिने दरमहा सुमारे 6,800 रुपये भरावे लागतील. त्यात प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील 18 टक्के जीएसटी मिळवला की आपल्या 8,000 रुपयांतून वर्षभर दर महिन्याला जेमतेम हजार रुपये शिल्लक राहतील. एखादा हप्ता चुकून थकीत बाकीवर कार्डाचे नेहमीचे व्याज सुरू झाले, तर ते बहुधा महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक असते.

आता या खर्चाच्या मोबदल्यात काय मिळते ते पाहू. आपण लिहिता की मुंबईच्या एका व्यापाऱ्याने गिटार आहे त्या स्थितीत 1,60,000 रुपयांना मागितली आणि ‘सगळे ओरिजिनल चालू असते तर दोन लाख दिले असते’ असे सांगितले. हे बोलणे अक्षरशः खरे मानले, तरी 40,000 रुपयांच्या वाढीसाठी 75,000 रुपये खर्च करण्याचा हा व्यवहार आहे. त्यातही ती वाढ पदरात पडेलच असे नाही, कारण दुसऱ्या गिटारीतून काढलेले पिकअप त्याच सालचे असले तरी ते आपल्या गिटारीचे मूळ पिकअप ठरत नाहीत. त्या काळातील पिकअपच्या तळाशी तारखेचे शिक्के आढळतात, आणि जाणकार ग्राहक पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती पुढची पट्टी) उलटून ते शिक्के, पोटेन्शिओमीटरवरील (आवाज कमी-जास्त करणाऱ्या खुंट्यांखालच्या भागांवरील) आकडे आणि सोल्डरचे सांधे कधी उकलले गेले आहेत का, हे सारे पाहतो. जुन्या वाद्यांच्या बाजारात सर्वाधिक मान अस्पर्शित वाद्याला, त्याखालोखाल मूळ पिकअप नीट भरून घेतलेल्या वाद्याला आणि त्यानंतर बदललेल्या भागांच्या वाद्याला असतो.

गुंतवणूक म्हणून या गिटारीकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फेंडर ही कंपनी 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली, आणि संग्राहकांच्या उड्या मुख्यतः त्यापूर्वीच्या गिटारींवर पडतात. 1974 च्या गिटारीला मान आहे, मागणीही आहे. पण जुन्या गिटारींच्या ज्या किमती ऐकून आपण थक्क होतो, त्या बहुतांशी त्या आधीच्या काळातल्या असतात. विकायचीच झाली तर एक दिलासा असा, की वैयक्तिक वापरातील वाद्य आयकराच्या दृष्टीने सहसा भांडवली मालमत्ता मानले जात नाही आणि त्याच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र ऑर्केस्ट्राचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवून या गिटारीवर घसारा घेतला असेल, तर ती व्यवसायाचे साधन ठरते आणि हिशेब बदलतो. तेव्हा विक्रीपूर्वी आपल्या सीएंशी बोलावे.

माझ्या मते 4,500 रुपयेसुद्धा लगेच देऊ नयेत. आधी 500-700 रुपयांत एखाद्या माहितगाराकडून तपासणी करून घ्यावी. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये सहा दंडगोल चुंबकांभोवती 42 गेजच्या तांब्याच्या तारेचे साडेसात हजारांहून अधिक वेढे असतात. या तारेची जाडी मिलिमीटरच्या सुमारे सोळाव्या भागाएवढी, म्हणजे केसासारखी असते. सर्वांत आतले वेढे थेट चुंबकांना लागून असल्याने घाम आणि पावसाळ्यातील दमटपणा आत शिरून चुंबक गंजला की तिथेच तार तुटते. गरब्याच्या मैदानावर रात्रभर घामेजलेल्या हातांनी वाजवून तशीच पेटीत बंद केलेल्या गिटारीची काय अवस्था होत असेल, हे वडोदऱ्याच्या माणसाला सांगायला नको. मल्टीमीटर लावला असता चांगला पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो, तर तुटलेला काहीच दाखवत नाही. तार बाहेरच्या टोकाशी तुटली असेल, तर एखादा वेढा उलगडून पुन्हा सोल्डर केल्याने काम भागते आणि भरण्याचा खर्चच वाचतो.

नेक पिकअपच्या क्षीण आवाजाबाबत तर मला पिकअपवरच शंका नाही. त्याचे माप योग्य भरले, तर दोष मळलेल्या पोटेन्शिओमीटरचा, निवडीच्या स्विचचा किंवा पिकअप तारांपासून फार खाली बसल्याचा असू शकतो. चुंबक खरोखरच कमजोर झाला असेल, तरी तो पुन्हा चुंबकित करता येतो आणि त्यासाठी वेढे उकलावे लागत नाहीत. तिन्ही पिकअप एकदम भरून घेण्याचा 12,000 रुपयांचा प्रस्ताव कारागिराच्या सोयीचा आहे; चालू असलेल्या मधल्या पिकअपला हात लावून आपण मूळपणा गमावण्यासाठी पैसे देणार आहोत. दुसऱ्या टोकाला, काटकसर म्हणून पंख्याच्या मोटरी भरणाऱ्या ओळखीच्या दुकानात हे काम देण्याचा मोहही टाळावा. तो आपल्या कामात वाकबगार असेल, पण इतकी बारीक तार बेताच्या ताणावर गुंडाळणे हे वेगळे काम आहे.

नवरात्रापर्यंत मुंबईहून पिकअप परत येईल का, ही आपली चिंता रास्त आहे, कारण नऊ रात्रींचे 31,500 रुपये त्यावर अवलंबून आहेत. त्यासाठी एक सोय या गिटारीच्या रचनेतच आहे. स्ट्रॅटोकास्टरचे तिन्ही पिकअप, स्विच आणि पोटेन्शिओमीटर हे सारे पिकगार्डवर बसवलेले असते, आणि तारा जोडून तयार असलेला संपूर्ण पिकगार्ड वेगळा विकत मिळतो. 11 स्क्रूंचा आणि आपल्या भोकांशी जुळणारा साधा तयार पिकगार्ड 12,000 ते 15,000 रुपयांच्या आत मिळाला, तर जॅकच्या दोन आणि अर्थिंगची एक एवढ्याच तारा सोडवून तो बसवता येतो. मूळ पिकगार्ड त्यावरच्या जुन्या सांध्यांसह घरी सुरक्षित राहतो आणि हवा तेव्हा परत चढवता येतो. 26,000 रुपयांचा सुटा संच घेऊन तो मूळ पिकगार्डवर जोडण्यापेक्षा हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. गरब्याच्या मैदानावर ढोल आणि स्पीकरच्या भिंतीपुढे 1974 चा पिकअप कोणता आणि यंदाचा कोणता, हे ओळखणारा कान मला अजून भेटलेला नाही. आपला ऑर्केस्ट्राप्रमुख मानधन आपल्या हातातील कसबासाठी देतो, हे आपल्याच पत्रावरून दिसते.

तपासणी आणि एका पिकअपचे भरणे मिळून सुमारे 5,000 रुपये होतात, ते एका महिन्याच्या शिल्लकीतूनच द्यावेत. पिकगार्ड घ्यावा लागल्यास पुढील दोन महिन्यांची बचत त्याला लावावी. तेवढीही सवड नसेल, तर ठेव न मोडता तिच्यावर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्यावा, कारण त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. आणि नवरात्राचे मानधन हाती पडताच तो फेडून टाकावा. मानधनातून उरलेले पैसे त्याच ठेवीच्या जोडीला ठेवावेत.

पिकअप मुंबईला पाठवण्यापूर्वी त्याच्या तळाच्या शिक्क्याचे, सांध्यांचे आणि गिटारीच्या मानेमागील धातूच्या पट्टीवरील अनुक्रमांकाचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. तोच अनुक्रमांक विम्यासाठीही लागेल. घरगुती विम्यात घराबाहेर नेलेले वाद्य सहसा धरलेले नसते, म्हणून मैदानावरील चोरी आणि मोडतोड यांचा समावेश होतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. काकांच्या वेळची खरेदीची पावती किंवा कस्टमचा एखादा कागद जुन्या पेटीत सापडला, तर तो या फोटोंसोबत एकाच पाकिटात ठेवावा.